शाळेनंतर थेट चाळिशीत पुन्हा निसर्गचित्रं काढायला घेतली, पण प्रत्येक चित्र फाडावंसं वाटतं. काय करावं?

आधी एक विनंती, फाडू नका. निदान महिनाभर तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत चांगली ग्रेड मिळाली होती. मग कॉलेज, नोकरी, संसार यात ब्रश सुटला. आता रविवारी सकाळी गावातल्या नदीकाठी जाऊन बसता, पण चित्र झालं की ‘हे आपलं गाव वाटतच नाही’ असं वाटतं आणि कागद फाटतो. मी वाईची. माझी चित्रकलाही मधली बरीच वर्षं बंद होती आणि ती पुन्हा सुरू झाली ती इथल्या घाटावर. त्यामुळे उदाहरणं वाईचीच देते, तुम्ही ती आपल्या गावाला लावून बघा.

मला वाटतं तुमच्या चित्रात दोन जातीच्या चुका होत असणार आणि तुम्ही दोन्हींना एकाच मापाने मोजताय. न बघता काढल्यामुळे होणारी चूक वेगळी, आणि बघून काढताना हाताला, वेळेला, हवेला जे जमलं नाही ते वेगळं. पहिलीवर मेहनत घ्यायची. दुसरीला चित्रात राहू द्यायचं.

त्या परीक्षांत स्मरणचित्राचा एक पेपर असायचा, आठवतंय? त्यासाठी आपण झाड, देऊळ, डोंगर, माणसं हे सगळं पाठ करून टाकलं होतं. त्याने हात तयार झाला, पण एक सवयही लागली. पंचवीस वर्षांनी नदीकाठी बसलं तरी हात ते पाठ केलेलंच काढतो. समोर वाईजवळचा पांडवगड असतो आणि कागदावर त्रिकोण उतरतो. आपल्या सह्याद्रीत त्रिकोणी डोंगर शोधून काढावे लागतात. इथे बहुतेक डोंगरांचा माथा सपाट, त्याखाली उभा काळा कडा, मग गवताचा उतार, मग पुन्हा एक कडा, अशी उतरंड असते. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. त्यातले कठीण थर कडे होऊन उभे राहिले आणि मऊ थर झिजून उतार झाले. हे एकदा डोळ्यांत बसलं की डोंगर दोन-तीन रेषांत येतो. मग त्यातली एखादी रेष वाकडी गेली तरी तो पांडवगडच राहतो. त्रिकोण मात्र कितीही सफाईने काढलात तरी तो कुठलाच गड होत नाही.

ढोल्या गणपतीचंही तसंच. सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं हे देऊळ अगदी कृष्णेच्या पात्रालगत आहे. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, पुराचं पाणी तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. पण घाटावर बसून काढलेल्या कित्येक चित्रांत हा भाग सरळ चौकोनी भिंत होऊन येतो, कारण देऊळ म्हणजे चौकोनावर शिखर हे डोक्यात पक्कं असतं. मी आता आधी पेन्सिल खाली ठेवून ती निमुळती कड नुसती बघते. सावली कुठे वळते, दगडाचे थर कुठे जवळ येतात, पुराच्या पाण्याची खूण कुठवर आहे. ते कळलं की शिखर जरासं कललं तरी मला चालतं. बघणाऱ्यालाही चालतं.

आता दुसऱ्या जातीच्या चुका. उन्हाळ्यात घाटावर आठ वाजता पायऱ्यांच्या सावल्या लांब असतात. तुम्ही देवळाचं शिखर रंगवून खाली येईपर्यंत त्या निम्म्या होतात. मग चित्रात वरची सावली एका वेळेची आणि खालची दुसऱ्या वेळेची. यावर माझा उपाय असा, की बसल्याबसल्या सगळ्या सावल्यांचा एक पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, आधी टाकून घ्यायचा आणि नंतर सूर्य कुठेही जावो, त्या बदलायच्या नाहीत. तरीही थोडी फसगत होतेच. मे महिन्यात वॉश पसरायच्या आत वाळतो आणि मध्येच कडक रेघ उमटते. श्रावणात उलट, अर्धा तास झाला तरी कागद ओला, आणि आकाशाचा रंग डोंगरात उतरून फुलं फुलं होतात. त्या रेघेला आणि त्या फुलांना मी दोष म्हणतच नाही. त्या दिवशीची हवा कागदावर आली, एवढंच ते.

इंग्लंडचा जॉन कॉन्स्टेबल आयुष्यभर स्वतःच्या मुलखाची चित्रं काढत राहिला. त्याने १८२१-२२ च्या सुमारास हॅम्पस्टेडला ढगांचे भराभर अभ्यास केले आणि त्यातल्या कितीतरी कागदांच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठला, हे लिहून ठेवलं. ही सवय तुम्ही आजच लावून घ्या. मागे ‘सकाळी साडेसात, धुकं, पाणी चढलेलं’ असं लिहिलं की पुढच्या बाजूचं चित्र वेगळ्या डोळ्यांनी बघितलं जातं. आपल्याकडे कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी कोटितीर्थ, रंकाळा असा घराजवळचाच परिसर वेगवेगळ्या वेळांच्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवला. ते १९३१ मध्ये गेले, पण अजूनही पाण्यावरचा उजेड कसा टिपावा हे त्यांच्याकडून शिकावं. तीच जागा परत परत काढली की एका चित्रावरचं ओझं कमी होतं. आजच्या चित्रात पाणी साधलं नाही तर ते पुढच्या रविवारी साधेल, आणि आजच्यात कदाचित पलीकडची झाडी चांगली आली असेल.

साहित्याबद्दल थोडं, कारण काही चुका तुमच्या नसतातच. चित्रकलेच्या साध्या वहीत असतो तसल्या पातळ कार्ट्रिज पेपरवर भरपूर पाणी घातलं की तो फुगतो, खळग्यांत रंग साचतो आणि आपण हाताला दोष देत बसतो. रंग साधे विद्यार्थ्यांचे चालतील, पैसे कागदावर घाला, तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड घ्या. हिरवा ट्यूबमधून थेट लावू नका. आपल्याकडचा पावसाळी हिरवा अल्ट्रामरीन निळा आणि गँबोज पिवळा यांच्यातून निघतो, त्यात किंचित तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना घातली की डोळ्यांना टोचत नाही. काळ्या दगडालाही ट्यूबमधला काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो करडा येतो त्यात घाटाच्या पायऱ्यांचा थंडावा आणि ऊब दोन्ही असतात. हा करडा मला इतका आवडतो की कधी कधी नुसता तोच कालवत बसते.

खोडरबर घरी ठेवा. रेष चुकली तर तिच्या शेजारी दुसरी काढा आणि दोन्ही राहू द्या. पहिले काही आठवडे तर थेट पेनानेच काढा.

मात्र ‘चुका स्वीकारा’ म्हणजे सगळंच चालतं असं मी म्हणणार नाही. संथ पाणी सपाटच असलं पाहिजे. पलीकडच्या काठाची रेघ तिरकी झाली की अख्खी नदी कागदावरून ओतल्यासारखी दिसते, आणि त्याला ‘आपली शैली’ म्हणून सोडून देऊ नये. वहीची वरची कड डोळ्यांसमोर आडवी धरून ती रेघ तपासा. प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली उतरतंय ना, तेही बघा. या दोन गोष्टी सुधारल्या तर तुमच्या नदीच्या चित्रांत फार मोठा फरक पडेल.

आणि ‘आपलं गाव वाटत नाही’ हे जे तुम्हाला छळतंय, त्याचं एक कारण तुम्ही गाव फार चांगलं ओळखता हेच आहे. परमुलखातलं देऊळ थोडं बुटकं झालं तर कुणाला कळतंय? इथे येणारा-जाणारा प्रत्येकजण आपलं घर, आपला पार, आपली गल्ली त्यात शोधतो. एकदा कपडे धुवायला आलेल्या एक मावशी माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पिंपळ लई मोठा काढलास गं पोरी.” मग जरा थांबून, पिंपळाकडे बघत, “पर सावली तेवढीच हाय त्याची.” मी पिंपळ तसाच ठेवला. उन्हात बसून काढणाऱ्याला ते झाड तेवढंच मोठं दिसतं, आणि मावशींना ते माझ्याआधी कळलं होतं.

म्हणून झालेलं चित्र त्याच दिवशी पारखू नका. नदीकाठी खरं दृश्य शेजारीच उभं असतं, त्याच्यापुढे कुठलाही कागद हरतोच. घरी आणून कपाटात पालथा ठेवा आणि तीन-चार आठवड्यांनी काढून बघा. तेव्हा शेजारी तुलनेला काही नसतं, आणि चित्र स्वतःचं काय सांगतंय ते ऐकू येतं. इतकं करूनही आवडलं नाही, तरी मागची तारीख बघून ठेवून द्या. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तिथेच बसाल तेव्हा ते उपयोगी पडेल.

येत्या रविवारी पोस्टकार्डाएवढाच कागद न्या आणि अर्ध्या तासात उठा. तुमच्या नदीकाठी काय काय आहे तेही खाली लिहा. घाट दगडी आहे की सिमेंटचा, काठावर वड आहे की बाभळी, पलीकडे ऊस आहे की डोंगर. मग सुरुवात कुठून करावी ते मला जास्त नेमकं सांगता येईल.