सड्यावरचा सरडा

प्रश्न : मॅडम, मी पाटण तालुक्यातला. मे महिन्यात आम्ही साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर, म्हणजे सड्यावर, गेलो होतो. पवनचक्कीजवळच्या एका दगडावर वीतभर सरडा पुढच्या पायांवर उठून बसला होता आणि गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पडदा सारखा उघडझाप करत होता. पवनचक्क्यांखाली असले सरडे पैशाला पासरी दिसले. फोटो सोबत पाठवतोय, मोबाईल नवा आहे. त्या नव्या मोबाईलवरच्या ॲपने या सरड्याचं नाव 'सिताना पाँटिसेरियाना' सांगितलं. मित्र म्हणतो 'सरडा सुपर्बा'. आजी म्हणते, हा घोयरा. खरं कुणाचं? आणि 'सरडा' हे शास्त्रीय नाव कसं असेल, मित्र माझी फिरकी घेतोय का?

उत्तर : मित्र फिरकी घेत नाही. त्याला चहा पाजा.

आधी आजींचं बघू. घोयरा हा झाडाझुडपांवरचा प्राणी. अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं, डोळे दोन दिशांना फिरणारे, बोटं चिमट्यासारखी, आणि शेपटीने फांदीला वेढा घालणारा. तुमच्या फोटोतला गडी उघड्या कातळावर उन्हात बसलाय आणि शेपटी काठीसारखी सरळ आहे. घोयरा बाद. आजींना हे तुम्हीच सांगा, मला त्यात घेऊ नका.

मग मी फोटो मोठा करून मागचा पाय शोधला. सगळे गळ्याकडे बघतात, मी पायाकडे बघते. डावा पाय छान आलाय : चारच बोटं. कुंपणावरच्या आपल्या नेहमीच्या सरड्याला तिथे पाच असतात. चार म्हटलं की आपल्याकडे दोनच घराणी उरतात, सिताना आणि सरडा. आता गळ्याकडे या. सिताना नरांचा गळ्याखालचा पंखा बहुधा पांढुरका, फार तर त्यावर निळसर रेघ. तुमच्या नराचा पंखा चांगला ऐसपैस आहे आणि तिन्ही रंगांत न्हालेला. म्हणजे प्रजाती (घराणं, इंग्रजीत जीनस) सरडा. तिच्यातल्या सुपर्बा, डार्विनी आणि डेक्कनेन्सिस या जातींमध्ये सुपर्बा सगळ्यांत थोराड. शिवाय तुमचं ठिकाण साक्षीला आहे : सुपर्बाचं मूळ वर्णनच चाळकेवाडीच्या नमुन्यांवरून झालंय.

ॲपला फार बोल लावू नका, कारण तीच चूक मी शाईने लिहून ठेवली होती. 1994 साली विद्यार्थ्यांनी याच भागातून जीपखाली सापडून मेलेला एक नर आणला. स्पिरिटच्या बरणीत घातला आणि लेबलवर सुवाच्य अक्षरात लिहिलं : सिताना पाँटिसेरियाना. तेव्हा दुसरं नाव सुचायचं कारणच नव्हतं. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हियेने 1829 मध्ये पाँडिचेरीच्या नमुन्यावरून ते नाव दिलं आणि पुढे देशभरातले असले बहुतेक पंखेवाले सरडे त्याच एका नावाखाली कोंबले गेले. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जर्डनने 1870 मध्ये दख्खनचा सरडा 'डेक्कनेन्सिस' म्हणून वेगळा काढला होता, पण नंतरच्यांनी त्यालाही पुन्हा त्याच पोत्यात टाकलं.

ते पोतं उसवलं 2016 मध्ये. व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि सहकाऱ्यांनी द्वीपकल्पभरचे नमुने घेऊन खवले, मापं, पंखे आणि डीएनए हे सगळं एकत्र मांडलं. त्यातून एक नवी प्रजाती आणि पाच नव्या जाती निघाल्या. नव्या प्रजातीला त्यांनी आपला मराठी शब्दच दिला, सरडा. जर्डनचा डेक्कनेन्सिसही तिच्यात परत आला. सुपर्बा म्हणजे लॅटिनमध्ये दिमाखदार; नर पाहिल्यावर नावावर वाद घालावासा वाटत नाही.

हे वाचल्यावर मी कॉलेजच्या कपाटातली बरणी काढली. नारिंगी केव्हाच उतरला होता आणि पंखा राखेच्या रंगाचा झाला होता. रंगावरून काही सांगता आलं नसतं. पण लेबलवर गावाचं नाव आणि तारीख होती, म्हणून तर चूक दुरुस्त करता आली. जुनं लेबल फाडलं नाही, त्याखाली नवं चिकटवलं. नुसतं नाव लिहून ठेवलं असतं तर ती बरणी आज शोभेची वस्तू होती.

तुम्ही लिहिलंय की पवनचक्क्यांखाली हे सरडे 'पैशाला पासरी' दिसले. तेही खरं आहे. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी 2018 मध्ये चाळकेवाडीचंच काम छापलं : पात्यांमुळे शिकारी पक्षी कमी फिरकतात, म्हणून तिथे सरडे जास्त, आणि माणूस बराच जवळ आला तरी ते पळत नाहीत. तुमचा फोटो इतका जवळून आला तो त्यामुळेच असेल. मोबाईल नवा असल्याचं तुम्ही दोनदा लिहिलंय, तरीसुद्धा.

पुढच्या उन्हाळ्यात पाऊस लागायच्या आधी जा, पंख्यांचा तमाशा तेव्हाच. हात लावायचा नाही, दगड उलथायचे नाहीत. मादी दिसली तर तिचाही फोटो घ्या : मातकट, पाठीवर चौकटीसारखी नक्षी, रंगीत पंखा नाही. मागचा पाय दिसू द्या आणि जागा लिहा. जागा लिहिली नाहीत तर जात मला विचारू नका, मादीच्या नुसत्या फोटोवरून ती सांगायची माझी छाती नाही.