लाइट शेल्फ बसवल्यावर मागच्या बाकांवरचा उजेड घटतो कसा?

प्रश्न : पुण्यातील एका शाळेच्या दक्षिणाभिमुख वर्गाला, खिडकीच्या वरच्या भागात, ६० सेंटिमीटर बाहेर आणि तेवढीच आत येणारी पांढरी लाइट शेल्फ, म्हणजे ऊन छताकडे परतवणारी आडवी फळी, सुचवली आहे. रेडियन्स या प्रकाशाची गणना करणाऱ्या प्रणालीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वर्गाचे मॉडेल करून पाहिले, तेव्हा फळीमुळे मागच्या बाकांवरचा डेलाइट फॅक्टर, म्हणजे बाहेरच्या मोकळ्या उजेडाच्या तुलनेत आत पोचणाऱ्या उजेडाची टक्केवारी, वाढण्याऐवजी कमी झाला. मॉडेल चुकले, की कल्पनाच फसवी आहे?
— वास्तुकलेचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : मॉडेल बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे, आपण निवडलेली कसोटी मात्र या फळीला न्याय देणारी नाही. डेलाइट फॅक्टर पूर्ण ढगाळ आकाश गृहीत धरून काढतात. त्या आकाशात माथ्यावरचा भाग क्षितिजाच्या तिप्पट तेजस्वी असतो, पण सूर्य नसतो, आणि म्हणून खिडकी दक्षिणेला आहे की उत्तरेला याने उत्तरात काहीच फरक पडत नाही. फळीचे मुख्य काम तर ऊन छतावर टाकणे हे आहे. ऊनच काढून घेतले की उरतो तो आकाशाचा काही भाग झाकणारा अडथळा, आणि आपल्या आकड्यांनी तेच प्रामाणिकपणे दाखवले आहे.

म्हणून पुण्याची हवामान फाइल घेऊन वर्षभराची तासवार गणना करावी आणि त्यातले शाळेचेच तास मोजावेत. सुमारे १८.५ अंश अक्षांशावर २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य ४८ अंश उंचीवर असतो. तेव्हा ६० सेंटिमीटरची फळी खालच्या काचेवर सुमारे ६७ सेंटिमीटर सावली टाकते, आणि त्याखाली काच उरत असेल तर तेथून ऊन पुढच्या बाकांवर येतेच. संपातदिनी हीच सावली सुमारे १८० सेंटिमीटर होते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला सरकतो, त्यामुळे त्या वेळी दक्षिणेच्या फळीवर ऊन पडतच नाही. त्यात जूनपासून पावसाळी ढग असतात ते वेगळेच. थोडक्यात, ही फळी आपल्याकडे मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च या काळाची सोबतीण आहे, आणि वार्षिक सरासरीचा एकच आकडा पाहिला तर तिचा हा हंगामी स्वभाव झाकला जातो.

गणनेच्या सेटिंगकडेही लक्ष द्यावे. ग्रेग वॉर्ड यांनी लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत विकसित केलेले रेडियन्स किरणांचा माग उलट दिशेने, म्हणजे बाकापासून प्रकाशाच्या उगमाकडे, काढते. बाकावरून छत, छतावरून फळी आणि फळीवरून सूर्य, एवढ्यासाठीच परावर्तनाचे दोन टप्पे लागतात. आकाशाच्या प्रकाशासाठी आणखी एक, आणि भिंती-जमीन धरल्या तर त्याहूनही जास्त. टप्प्यांची ही मर्यादा एकेक पायरीने वाढवत न्यावी आणि मागच्या बाकांवरचे लक्स, म्हणजे उजेडाचे आकडे, स्थिरावल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. फळी आरशासारखी चकचकीत दाखवली असेल, तर नेहमीच्या पद्धतीत सूर्याचा परावर्तित प्रकाश गणनेतून निसटतो. त्यासाठी आरशाचे खास मटेरियल किंवा फोटॉन मॅपिंग, म्हणजे उगमापासून पुढे प्रकाशाचा माग काढण्याची पद्धत, वापरावे लागते. शाळेसाठी मात्र मॅट पांढरा रंगच बरा, कारण चकचकीत फळी छतावर झगझगीत पट्टा उमटवते.

एवढे करूनही मागच्या बाकांवर भरघोस वाढ दिसेल, अशी अपेक्षा धरू नये. माझ्या मते या फळीचा खरा लाभ पुढच्या बाकांवरचे ऊन अडण्यात आणि पुढच्या-मागच्या उजेडातली तफावत कमी होण्यात आहे, त्यामुळे तुलनाही तशीच मांडावी : फळीशिवाय, फळीसह, आणि तेवढ्याच बाहेर येणाऱ्या साध्या छज्जासह. छतही विसरू नये, कारण ते मळकट किंवा गडद असेल तर फळीने वर धाडलेला प्रकाश तिथेच जिरतो. शेवटची गणना फळीचे परावर्तन ८५ ऐवजी ६० टक्के धरून करावी. रस्त्यालगतच्या शाळेत उन्हाळ्यातली धूळ रोज पुसली जाणार नाही, आणि त्या आकड्यातही फळी साध्या छज्जापेक्षा सरस ठरली तरच शाळेला तिचा खर्च सुचवावा.