इन्स्टंट गीझर घेताय? आधी लोड बघा

दादा, गीझर कोणता घ्यायचा ते नंतर, आधी लाइटबिल काढून मंजूर लोड, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या घराला एका वेळी वापरायला दिलेली वीज, किती किलोवॅट आहे ते बघा. 3 किलोवॅटचा एक इन्स्टंट, म्हणजे वाहतं पाणी लगेच तापवणारा, गीझर 230 व्होल्टवर 13 अँपिअर ओढतो, दोन बाथरूममध्ये दोन एकदम लागले की 26, त्यात पाण्याची मोटर आणि इस्त्री, मग 2 किलोवॅटच्या सिंगल फेज कनेक्शनचं काय होणार सांगा!

दुसरं म्हणजे पाणी. इंदूरच्या जानेवारीत टाकीतलं पाणी सकाळी 15 डिग्री धरा, ते 40 करायचं तर 3 किलोवॅटमध्ये मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर मिळतं, म्हणजे 20 लिटरची बादली भरायला 12 मिनिटं. मोठा शॉवर, मिनिटाला 6 लिटर, हवा असेल तर साडेदहा किलोवॅट लागतात, सिंगल फेजवर 45 अँपिअर! त्याला थ्री फेजच घ्या, म्हणजे लोड तीन तारांत वाटला जातो, नाहीतर सरळ 15 लिटरचा स्टोरेज, म्हणजे पाणी साठवून तापवणारा, गीझर, 2 किलोवॅटमध्ये काम होतं, मी तर तोच सांगेन.

वायरिंगमध्ये कंजूसी नको. प्रत्येक गीझरला बोर्डापासून वेगळी 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच), पक्कं अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). आमच्याकडे जुन्याच वायरवर जोडला होता, एक दिवस प्लग काढला तर पिन तपकिरी पडलेली, सॉकेट वितळून पिवळं, जळका वास येत होता आणि आई रोज तिथेच आंघोळ करायची. लोड वाढवायचा अर्ज आधी टाका, गीझर मागाहून आणा.