डॉक्टरचा कागद दाबून लायसन्स रिन्यू करू का?

प्रश्न: ताई, माझं वय 47. तासगाव तालुक्यातला आहे. सांगलीत एका ट्रान्सपोर्टकडं अकरा वर्षं ट्रक चालवतोय. मार्केट यार्डातून हळद नाहीतर बेदाणा भरायचा, वाशी किंवा अहमदाबादला खाली करायचा. मागच्या महिन्यात पहाटे खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि पुढच्या वळणावर डोळा लागला. क्लीनरनं ओरडून उठवलं म्हणून वाचलो. मी घोरतो आणि मधेच श्वास थांबतो, असं बायको दोन वर्षं सांगत होती. मिरजेला रात्रभराची झोपेची तपासणी केली. डॉक्टरांनी लिहून दिलंय: स्लीप ॲप्निया, तीव्र, एएचआय 41, मशीन लावून आजार आटोक्यात येईपर्यंत व्यावसायिक वाहन चालवू नये. लायसन्स दोन महिन्यांत संपतंय. एजंट म्हणतो, तो कागद घरी ठेवा, मी दुसऱ्या डॉक्टरकडून फिटनेस काढून देतो. मालकाला सांगितलं तर त्यानं 500 च्या स्टॅम्पपेपरवर मजकूर करून आणला, 'मला झोपेचा किंवा अन्य कोणताही आजार नाही, अपघात झाल्यास सर्व जबाबदारी माझी'. सही कर नाहीतर गाडी दुसऱ्याला देतो म्हणतो. घरात कमावणारा मी एकटा. काय करू?

उत्तर: भाऊ, आधी आजचं बोलू, लायसन्सचं मागून बघू. तुमच्या हातात डॉक्टरचा कागद आला त्या दिवसापासून तुम्ही ट्रकच्या स्टिअरिंगवर बसायचं नाही. मोटर वाहन कायद्याचं कलम 186 सांगतं की आपल्या गाडी चालवण्यानं लोकांना धोका होईल असा आजार आहे हे माहीत असून जो गाडी चालवतो, तो गुन्हा करतो. दंड पहिल्या वेळी 1,000 रुपयांपर्यंत, पुढं 2,000 पर्यंत. एवढ्या दंडाला कोणी ड्रायव्हर घाबरत नाही, तुम्हीही घाबरणार नाही. पण त्या कलमातला 'माहीत असून' हा शब्द लक्षात ठेवा, खाली तो पुन्हा पुन्हा येणार आहे. मागच्या महिन्यात बोगद्यापाशी डोळा लागला तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि ते कागदावर आहे.

41 म्हणजे काय, हे डॉक्टरांनी घाईत सांगितलं असेल तर पुन्हा सांगते. झोपेत किमान दहा सेकंद श्वास अडतो किंवा फार कमी होतो, तो एक झटका. असे झटके तासाला किती, तो हा आकडा, म्हणजे एएचआय. पाचच्या आत असेल तर ठीक, तीसच्या वर तीव्र. तुमचा श्वास सरासरी दर दीड मिनिटाला अडतोय. सहा तास पडून राहिलात तरी शरीराला झोप म्हणावी अशी मिळतच नाही. मग दिवसभर चहा, तंबाखू आणि तोंडावर पाणी मारून कुठवर निभणार? 'ड्रायव्हर आळशी आहे, झोपाळू आहे' असं म्हणणाऱ्या मालकांना हा आकडा दाखवावा, असं मला नेहमी वाटतं.

आता एजंट. तो सांगतो ते होऊ शकतं, हे मी नाकारत नाही. ट्रकच्या लायसन्ससाठी लागतो तो फॉर्म 1ए. त्यात डॉक्टर डोळे, कान, हातपाय बघतो. झोपेतला श्वास दहा मिनिटांच्या तपासणीत कुणालाच दिसत नाही. स्वतःच्या घोषणापत्रात, म्हणजे फॉर्म 1 मध्ये, फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का, रातांधळेपणा आहे का हे विचारलेलं असतं आणि शेवटी एक सर्वसमावेशक प्रश्न असतो: लोकांना धोका होईल असा अन्य काही आजार आहे का? तिथं तुम्ही 'नाही' लिहिलंत की कलम 19 लागू होतं. फसवणुकीनं किंवा खोट्या माहितीनं मिळवलेलं लायसन्स आरटीओचा अधिकारी रद्द करू शकतो, तुम्हाला काही काळासाठी अपात्रही ठरवू शकतो. उलट तुम्ही आजार सांगितलात तर प्रकरण कलम 16 मध्ये बसतं. तिथं अधिकारी लायसन्स रद्द करू शकतो, नाहीतर 'वैद्यकीय प्रमाणपत्र आणा' अशी अट घालू शकतो. उपचार घेऊन चांगलं प्रमाणपत्र आणणाऱ्याला त्यात परत यायची वाट आहे. लबाडीचा शिक्का बसलेला ड्रायव्हर मात्र पुढं कुठल्याही ट्रान्सपोर्टच्या दारात उभा राहिला तरी तो शिक्का त्याच्या आधी तिथं पोचलेला असतो.

मुळात एवढी घाई कशाला? एजंट ज्या दोन महिन्यांची भीती घालतोय त्यात फारसा दम नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक लायसन्स पाच वर्षांचं असतं. ते संपायच्या आधी एक वर्ष आणि संपल्यानंतर एक वर्ष, या काळात कधीही रिन्यू करता येतं. वर्ष उलटून गेलं तरच पुन्हा ड्रायव्हिंगची परीक्षा. म्हणजे तुमच्या हातात दोन महिने नाहीत, चौदा आहेत. फक्त एक जपा. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन्स चालायचं, ती सवलत याच दुरुस्तीनं काढली. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रिन्यू होईपर्यंत ट्रकला हात लावायचा नाही, यार्डात गाडी पुढंमागं करायलासुद्धा नाही.

या चौदा महिन्यांतले पहिले तीन उपचाराला द्या. सीपॅप मशीन (हवेच्या दाबानं झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं) रोज रात्री लावायचं. मास्क नाकातोंडावर बसवून झोपायचं म्हणजे पहिल्या आठवड्यात कुणालाही कटकट होते, घरातली पोरं हसतात, पण लावायचं. मशीन विकत घेणं परवडत नसेल तर भाड्यानंही मिळतं. बहुतेक मशीन रोज किती तास वापरलं याची नोंद स्वतःत ठेवतं. ती नोंद तुमच्यासाठी पगाराच्या पावतीइतकी मोलाची आहे. मग त्याच डॉक्टरांकडून पत्र घ्या. 'रुग्ण बरा आहे' एवढंच मोघम लिहिलेलं पत्र आरटीओच्या टेबलावर काही कामाचं नाही. आधी एएचआय किती होता, मशीनसह आता किती आहे, महिन्यातल्या किती रात्री किती तास मशीन वापरलं, दिवसा झोप येण्याच्या एपवर्थ प्रश्नावलीत (आठ प्रश्न, चोवीस गुण) किती गुण आले आणि पुढची तपासणी कधी, हे सगळं त्यात असू द्या. युरोपीय संघाच्या 2014 च्या नियमात मध्यम किंवा तीव्र आजाराच्या ट्रकचालकाला उपचारानं आजार आटोक्यात असल्याचं दाखवून लायसन्स ठेवता येतं, फक्त वर्षातून एकदा तरी तपासणी लागते. आपल्याकडं तो नियम लागू नाही. तरी तुमच्या डॉक्टरांनी 'दरवर्षी तपासणी' असं आपणहून लिहिलं तर अधिकाऱ्याला सही करायला धीर येतो.

हे पत्र जोडून, घोषणापत्रात आजार आणि उपचार दोन्ही खरं लिहून, लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर अर्ज करा. अधिकाऱ्यानं नकार दिलाच, तर कलम 17 प्रमाणे त्याला कारणांसह लेखी आदेश द्यावा लागतो. तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील. खिडकीवरचा माणूस तोंडी 'होणार नाही' म्हणाला तर तो आदेश नव्हे. लेखी मागा.

आता त्या स्टॅम्पपेपरकडं येते. खरं सांगते, तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त रस वाटला तो या कागदात. सही करू नका. पण मालकाचाही कसा घात होतोय बघा. कुठला माणूस ड्रायव्हरकडून आपणहून 'झोपेचा आजार नाही' असं लिहून घेतो? ज्याला झोपेचा आजार कळलाय तोच. उद्या काही झालं तर हाच कागद कोर्टात मालकाला सगळं माहीत होतं याचा पुरावा म्हणून उभा राहील. कलम 188 प्रमाणे 186 च्या गुन्ह्याला मदत करणाऱ्याला तीच शिक्षा आहे. विम्याचंही तसंच. अपघातात सापडलेल्या तिसऱ्या माणसाला भरपाई मिळतेच, पण लायसन्सच्या अटी मोडल्या गेल्या असं विमा कंपनी म्हणाली की प्रश्न येतो तो ते पैसे मालकाकडून वसूल करायचा. स्वरण सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2004 साली सांगितलं की ड्रायव्हरच्या लायसन्समधल्या दोषासाठी मालकाला धरायचं तर मालकाचा दोष किंवा हलगर्जी कंपनीनं सिद्ध करावी. तुमचा मालक ती सिद्धता 500 रुपये खर्चून स्वतःच तयार करून ठेवतोय. आणि 'सगळी जबाबदारी माझी' या वाक्यानं त्याची सुटका होत नाही. गाडी त्याची, भाडं त्याचं, नोकर त्याचा. मरणाऱ्याच्या घरच्यांनी त्या कागदावर सही केलेली नाही. कामावर तुम्हालाच काही झालं तर भरपाईचा हक्क सोडल्याचा असा करार कायद्यानं रद्दबातलच आहे.

नको ते घडलं तर तुमच्यावर काय येईल, तेही सांगते. गाडी चालवताना डोळा लागून माणूस गेला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106(1), पाच वर्षांपर्यंत कैद. (ज्या दहा वर्षांच्या तरतुदीवरून जानेवारी 2024 मध्ये गाड्या उभ्या राहिल्या ते 106(2) अजून लागू केलेलं नाही, त्याची धास्ती घेऊ नका.) पण 'गाडी चालवू नये' असं डॉक्टरांनी लिहिलेलं असताना गाडी काढली, तर सरकारी वकील सदोष मनुष्यवधाचं कलम 105 लावा असं म्हणू शकतो. मुंबईच्या कार्टर रोडवर 2006 साली फुटपाथवर झोपलेली सात माणसं गेली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली जुन्या दंड संहितेच्या 304 (सदोष मनुष्यवध) खालची शिक्षा कायम केली, कारण परिणामाची जाणीव होती असं कोर्टाला दिसलं. तिथं दारू होती, तुमच्याकडं आजार आहे. दोन्ही एक नाही, आणि बचावात मी तेच म्हणेन. पण तो बचाव मला करायची वेळ येऊ नये.

पोटाचं काय? तुमच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो का बघा. तुमच्या ट्रान्सपोर्टला ईएसआय लागू असेल आणि पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर कापला गेला पाहिजे. हप्ते नियमित भरलेले असतील तर आजारपणाच्या रजेवर पगाराच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत, मिळतात. उपचाराचे तीन महिने म्हणजे जवळजवळ तेवढेच दिवस. मशीनसाठी मदत मिळते का, ते ईएसआयच्या दवाखान्यात लेखी अर्ज देऊन विचारा. मालकानं कामावरून काढलंच तर दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ट्रान्सपोर्टला ग्रॅच्युइटी लागू आहे, आणि तुमची अकरा वर्षं झालीत. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,000 धरला तर सुमारे 1 लाख 14 हजार होतात. फेरीचा भत्ता सहसा यात येत नाही. एसटीत ड्रायव्हर असता तर पर्यायी कामाचा, म्हणजे गाडीऐवजी दुसरं काम मिळण्याचा, मुद्दा सरकारी नोकरीच्या अंगानं मांडला असता. खाजगी ट्रान्सपोर्टमध्ये तो अधिकार इतका सरळ नाही, म्हणून मी भांडणाऐवजी विनंतीपासून सुरुवात करायला सांगेन. गोडाऊनमध्ये गाड्या भरून घेणं, बिल्टी (मालाची पावती) बघणं ही कामं अकरा वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला कोणी शिकवायची गरज नाही.

मालकाला एक अर्ज द्या, साध्या कागदावर, तुमच्याच हातानं लिहून:

'मा. मालकसाहेब, मला स्लीप ॲप्निया असल्याचे दिनांक अमुक रोजीच्या तपासणीत आढळले आहे. उपचार सुरू असून डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार ते पूर्ण होईपर्यंत मी वाहन चालवू शकत नाही. या काळात मला गोडाऊन किंवा ऑफिसमध्ये काम द्यावे, ते शक्य नसल्यास आजारपणाची रजा मंजूर करावी. डॉक्टरांच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे.'

दोन प्रती करा. एकीवर मालकाची किंवा ऑफिसातल्या कारकुनाची सही, तारीख, शिक्का घ्या. कोणी सही देत नसेल तर वाद न घालता त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती डॉक्टरच्या कागदाला टाचून ठेवा. तो स्टॅम्पपेपर अजून तुमच्याकडं असेल तर फाडू नका, बिनसहीचाच राहू द्या आणि मला त्याचा फोटो पाठवा.