अमरावतीहून सातपुड्याच्या पायथ्याशी तंबू टाकून राहायचं आहे, जागा कशी निवडावी?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच अमरावतीत राहायला आलात, घरी दोन लहान मुलं आहेत, तंबू घेऊन ठेवलाय आणि शनिवारी निघून रविवारी परतता येईल अशी डोंगराजवळची जागा हवी आहे. माझं गाव परतवाड्याच्या पुढे, डोंगराला लागून आहे. आमच्या वावरात शहरातले पाहुणे मुक्कामाला येत असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं सांगणं हे की जागा देखावा पाहून ठरवू नका. रात्री तिथून काय काय जातं ते विचारा. नाल्याचं पाणी, डोंगरावरून उतरणारी गार हवा, डुकरं, रोही (म्हणजे नीलगायी), अस्वलं, जागलीला म्हणजे रात्री पिकाची राखण करायला जाणारी माणसं, या प्रत्येकाची वाट ठरलेली असते. तंबू या वाटांच्या बाजूला पडला पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

अमरावतीहून परतवाडा साधारण पन्नास किलोमीटर. तिथून पुढे सातपुड्यातले गाविलगडचे डोंगर सपाट जमिनीतून एकदम उभे राहतात. पायथा समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास आणि चिखलदरा अकराशेच्या वर, म्हणजे थोड्याशा अंतरात सातशे मीटरची चढण. त्यामुळे ‘घाटाच्या वर’ आणि ‘घाटाच्या खाली’ या दोन अगदी वेगळ्या निवडी आहेत.

वरचं बरंचसं रान मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होतं. तिथे आवडेल त्या ओढ्याकाठी गाडी थांबवून तंबू ठोकता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात परवानगीशिवाय शिरायला आणि आग पेटवायला मनाई आहे, राखीव जंगलालाही वेगळा कायदा लागू आहे. आणि हे नियम बरोबर आहेत असं मला मनापासून वाटतं. उन्हाळ्याच्या तोंडी सागाची वाळलेली पानं जमिनीवर पडलेली असतात, तेव्हा एका ठिणगीने काय होतं ते आम्ही खालून रात्रभर पाहिलेलं आहे. डोंगरावर लालभडक रेघ सरकत असते आणि वनमजूर हातात झाडाच्या फांद्या घेऊन ती झोडपत असतात.

वाघाच्या जंगलातच रात्र काढायची असेल तर वनखात्याच्या निवासांत राहा. सिपना नदीकाठचं सेमाडोह, किंवा नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याचं शहानूर. चिखलदऱ्याजवळ मोथा, आमझरी या गावांतही राहायची सोय होते. बुकिंग आधी करा, आणि पावसाळ्यात प्रकल्पाच्या गाभ्यात पर्यटन बंद असतं हे ध्यानात ठेवा. पण मुलांना तंबूत झोपायचंय, चुलीवरचं खायचंय, पहाटे धुकं बघायचंय एवढंच असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: घाटाखाली, गावाजवळच्या शेतात राहा.

आता शेत कोणतं ते बघू. आधी पाण्याचा विचार करा. तुम्ही या भागात नवे आहात म्हणून सांगतो, पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा या बाजूला खारपाणपट्टा आहे. विहीर असते, पाणीही असतं, पण ते तोंडात धरवत नाही. डोंगराला चिकटून असलेल्या पट्ट्याचं तसं नाही. डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा, वाळूचा जाड थर तिथे जमिनीखाली आहे. पावसाचं पाणी त्यातून मुरतं आणि विहिरीचं पाणी गोड लागतं. आमच्याकडे संत्र्याच्या बागा टिकून आहेत त्या याच पाण्यावर. म्हणून नकाशावर डोंगराजवळ वाटणारी जागा प्रत्यक्षात काही किलोमीटर दक्षिणेला निघाली, तर पाण्याची चौकशी केल्याशिवाय ठरवू नका. पाणी गोड असलं तरी मुलांना उकळूनच द्या. कपाशीच्या वावराजवळच्या नाल्याचं पाणी तर भांडी विसळायलाही घेऊ नका, फवारणीचे पंप पुष्कळदा तिथेच धुतले जातात.

त्यानंतर जमीन. काळ्या जमिनीत तंबू नको. जरा पाऊस आला की चिखल बुटाला असा धरतो की पाय उचलत नाही, खुंटी तर वाऱ्याच्या पहिल्या झोताला बाहेर येते. कोरडी पडली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत उंदीर, विंचू, साप, सगळ्यांची वस्ती असते. बरड जमीन शोधा. मुरमाड, किंचित उताराची, पीक निघून गेलेली. शेतकरी स्वतःच म्हणेल, ‘तिथं काही पिकत नाही, बरड आहे.’ तीच तुमची जागा. खुंट्या मात्र लोखंडी आणा, तंबूसोबत येतात त्या पातळ सळया मुरमात वाकतात.

नाल्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण शहरातून आलेला प्रत्येक माणूस पहिल्यांदा नाल्याच्या वाळूकडेच बोट दाखवतो. वाळू मऊ, सपाट, स्वच्छ, वरून झाडाची सावली. पण चिखलदऱ्यावर पडणारा पाऊस खालच्या मानाने कितीतरी जास्त, आणि तो सगळा याच नाल्यांनी उतरतो. वर ढगफुटीसारखा पाऊस झाला तरी खाली आमच्याकडे चांदणं असू शकतं. पाणी येतं ते गढूळ, पालापाचोळा आणि ओंडके घेऊन, आणि बघता बघता पात्र भरतं. जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नाल्याच्या पात्रात बसूसुद्धा नका. काठाच्या झुडपांत गवताचे, प्लास्टिकचे झुबके किती उंचीवर अडकलेत ते पाहा. मागचा पूर तिथवर आला होता.

हिवाळ्यात पुराचं भय नसतं, तरी नाला टाळा, तेव्हा कारण वेगळं असतं. वारा पडलेल्या रात्री डोंगरावरची थंड हवा जड होऊन पाण्यासारखीच उताराने खाली येते आणि सखल भागात साचते. नाल्याच्या काठावरून दहा-पंधरा मीटर उंच चढून गेलात तरी थंडीतला फरक अंगाला कळतो आणि सकाळी तंबूवर दवही कमी असतं. आमचे जुने लोक जागलीचं मचाण कधीच खोलगटात बांधत नाहीत.

धरणाचा काठ अनेकांना भुलवतो. वझ्झरचा सापन प्रकल्प, अंजनगावकडचं शहानूर धरण, मोर्शीजवळचं अप्पर वर्धा, सगळी बघण्यासारखी आहेत. दिवसा जा, मुलांना पक्षी दाखवा आणि संध्याकाळी निघा. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेराची जमीन वरून कडक दिसते, पण आत पाय रुततो. भिंतीजवळ आणि सांडव्याखाली तर थांबायचंच नाही.

जनावरांची भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय. वाघापेक्षा जास्त काळजी मला कुंपणाची वाटते. डुकरं आणि रोही पीक ठेवत नाहीत म्हणून कोणी झटका मशीन लावतात. त्याचा धक्का बसतो, जीव जात नाही. पण काही ठिकाणी थेट लाइनचा करंट तारेत सोडतात. ते बेकायदेशीर आहे, त्याने माणसंही मेली आहेत आणि वाघही. म्हणून शेतमालकाला पहिला प्रश्न हाच विचारा की आजूबाजूला कोणाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तार आहे का. अंधार पडल्यावर त्याने दाखवलेल्या वाटेखेरीज कुठेही जायचं नाही. शौचालाही नाही, मुलं तर मुळीच नाहीत.

अस्वलाचं म्हणाल तर मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात तेव्हा ती रात्री आणि पहाटे झाडाखाली येतात, आणि त्याच वेळी गावातली बायामाणसं टोपल्या घेऊन फुलं वेचायला निघतात. त्या दिवसांत मोहाजवळ तंबू नको. मोठ्या झाडांवर आणि कड्यांवर आग्या मोहोळं असतात. तंबू टाकण्याआधी मान वर करून एकदा फांद्या नीट बघा, वाळलेली फांदी आहे का तेही त्यात कळेल. आग्या मोहोळाखाली धूर केला तर पळायला जागा पुरत नाही.

साप हा खरा विषय आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. त्यामुळे तळ शिवलेला, चेन पूर्ण बंद होणारा तंबूच वापरा आणि चेन संध्याकाळपासून बंद ठेवा. गंजी, कुटाराचा (भुशाचा) ढीग, दगडांची रचलेली पाळ यांच्यापासून दूर राहा, कारण उंदीर तिथे आणि उंदराच्या मागे साप तिथे. सकाळी बूट झटकून घाला. चावलाच तर बांधणं, कापणं, मांत्रिक काहीही नको. अंग हलू न देता १०८ ला फोन करा किंवा सरळ अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. घाटाखाली राहा म्हणतो त्याचं मोठं कारण हेही आहे. रात्री घाट उतरावा लागत नाही.

मग परवानगी. पायथ्याचं प्रत्येक वावर कोणाचं तरी आहे, पडीक दिसलं तरी. गावात शिरून पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो मालकाचं नावही सांगेल आणि त्याच्या शेतात जायची वाटही. मालक भेटला की बोलणं साधारण असं होतं: ‘भाऊ, एक रात्र मुक्काम करायचा होता, लेकरं आहेत संगं.’ ‘करा ना, पन तिकडं नोका टाकू, तिकून डुकरं येतेत. इकडं, मोटारच्या खोलीपाशी टाका.’ त्याने दाखवलेली जागा तुम्हाला रुक्ष वाटली तरी तीच घ्या. तो रोज रात्री तिथे ओलिताला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला येतो. पैसे आधीच मोकळेपणाने बोलून घ्या, तो संकोचाने नाही म्हणाला तरी द्या. जेवण त्याच्याच घरून घेतलंत तर सगळ्यात उत्तम. पोलीस पाटलांना सांगून ठेवा, म्हणजे रात्री गाडी पाहून गावात शंका येत नाही. सोबत बायका-मुली असतील तर घराजवळचं संडास वापरता येईल का हे संकोच न करता आधीच विचारा. नसेल तर पाण्यापासून साठ मीटर तरी लांब खड्डा करायचा आणि नंतर बुजवायचा. स्पीकर घरी ठेवा. रानात माणसं जागलीला असतात, त्यांना डुकरांची चाहूल कानानेच घ्यावी लागते.

चुलीसाठी लाकूड गावातून विकत घ्या, झाडाला हात लावू नका. तुरीच्या किंवा वाळल्या गवताच्या जवळ शेकोटी पेटवू नका. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा हंगाम धरला जातो, तेव्हा शेकोटी सोडूनच द्या आणि लहान गॅस आणा.

तंबूत राहणं वऱ्हाडाला नवं नाही, हे तुमच्या मुलांना जरूर सांगा. परतवाडा-बैतूल रस्त्यावर डोंगराच्या कुशीत बहिरम आहे. २० डिसेंबरपासून तिथे महिनाभराहून जास्त यात्रा भरते आणि कुटुंबंच्या कुटुंबं राहुट्या टाकून राहतात. हंडीतलं मटण आणि रोडगे, थंडी, रेवड्या, पाळणे, सगळं त्यात आलं. गर्दी चालत असेल तर राहुटीचा अनुभव इतका जिवंत दुसरीकडे मिळणार नाही. शांतता हवी असेल तर त्या दिवसांत तो रस्ता सोडून द्या. जवळच मुक्तागिरी आहे, बैतूल जिल्ह्यात. ५२ जैन मंदिरं आणि धबधबा पाहण्यासारखे आहेत, पण ते तीर्थक्षेत्र आहे, तिथे दिवसा जाऊन या.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. ऑक्टोबरमध्ये साप आणि डास जास्त असतात, एप्रिलनंतर तंबूत बसवत नाही. डिसेंबर-जानेवारीत मुलांसाठी खालून घालायला जाड सतरंजी आणा, थंडी अंगाला वरून लागते त्यापेक्षा जमिनीतून जास्त लागते.

तुमच्या जागी मी असतो तर पहिली रात्र नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठेवली असती, परतवाडा ते बहिरम या पट्ट्यात, गावापासून चालत पोचता येईल अशा बरड वावरात. आधीच्या रविवारी नुसतं जाऊन मालकाला भेटून या. मुक्कामाच्या दिवशी चारच्या आत पोचा, कारण तंबू उजेडात लागला पाहिजे आणि मालकासोबत धुऱ्यावरून एक चक्कर व्हायला हवी. त्या चक्करला मुलांनाही न्या. कोणत्या वाटेने जायचं आणि कोणत्या बाजूला जायचं नाही, हे त्यांना त्या काकांच्या तोंडूनच ऐकू द्या. तुमच्यापेक्षा त्यांचं ते नक्की ऐकतील.