कायदा-सल्ला : वकिलांनी टक्केवारी मागितली, तर तक्रार कोठे करावी?

प्रश्न : माझ्या पतींचे पाच वर्षांपूर्वी रस्ता अपघातात निधन झाले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने मला व मुलांना १८ लाख रुपये नुकसानभरपाई मंजूर केली असून त्यांपैकी काही रक्कम माझ्या खात्यात जमा झाली आहे. विमा कंपनीने उच्च न्यायालयात अपील केल्याची नोटीसही नुकतीच आली. दावा चालू असताना फी, टायपिंग, झेरॉक्स आणि ‘वरखर्च’ म्हणून वकिलांना मी वेळोवेळी सुमारे ६० हजार रुपये रोख दिले. पावती एकाही रकमेची नाही. आता ते ‘आपले वीस टक्के ठरले होते’ असे सांगून ३ लाख ६० हजार रुपये मागत आहेत. वकीलपत्रावर सही घेताना त्यांनी माझ्याकडून एका कोऱ्या चेकवरही सही घेतली होती. पैसे दिल्याशिवाय फाईल मिळणार नाही आणि चेक बँकेत टाकून केस करीन, असे ते म्हणतात. मी काय करावे?
— एक वाचक भगिनी

उत्तर : आपल्या पत्रात चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत : टक्केवारी, चेक, अडवलेली फाईल आणि पावतीविना दिलेले ६० हजार. चारही गोष्टींचा राग एकाच वाक्यात काढलेली तक्रार दुबळी ठरते, म्हणून त्या वेगळ्या करून पाहू.

आपली बाजू सर्वांत भक्कम आहे ती टक्केवारीबाबत. खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्याचे कबूल करण्यास बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या देशपातळीवरील संस्थेच्या आचारनियमांनी वकिलाला स्पष्ट मनाई केली आहे. असा करार तोंडी असो वा स्टॅम्पपेपरवर, तो सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याने कायद्याने अंमलात आणता येत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे तेलंगणातील एक प्रकरण आले होते, ते आपल्या पत्राशी चकित करावे इतके जुळते. तेथेही पती अपघातात गेलेली स्त्री होती, भरपाईवर टक्केवारी मागितली गेली होती आणि चेक न वटल्यावर वकिलाने तिच्यावर फौजदारी तक्रार केली होती. न्यायालयाने ती तक्रार रद्द केली, टक्केवारीची मागणी हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे सांगितले, आणि चेक दिला म्हणून अशिलाला फीची जबाबदारी नाकारता येत नाही असे होत नाही, हेही नमूद केले.

म्हणजे चेकची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र निष्काळजीपणाही नको. चेक परत गेल्यानंतर वकिलांची नोटीस आली, तर त्यातील मागणी पूर्ण करण्यास कायदा १५ दिवस देतो. त्या मुदतीतच ‘ही रक्कम टक्केवारीची असून असे कोणतेही कायदेशीर देणे नाही’ असे लेखी उत्तर स्पीड पोस्टाने पाठवावे. अशा नोटिशी न उघडता कपाटात ठेवणारे अशील आम्ही वकिलांनी पुष्कळ पाहिले आहेत, आणि मग ज्या प्रकरणाचा पाया कच्चा होता तेच त्यांच्या अंगलट येते.

फाईलबाबत कायदा निःसंदिग्ध आहे. फी थकली या कारणाने वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला आहे; थकलेल्या फीसाठी त्यांना दिवाणी दाव्याचा मार्ग मोकळा आहे. परंतु उच्च न्यायालयातील अपिलाचे कामकाज आपल्या फाईलसाठी थांबणार नाही. म्हणून हक्क बजावत बसण्यापेक्षा निकालपत्र, साक्षीपुरावा आणि अर्जांच्या प्रमाणित प्रती न्यायाधिकरणाच्या नक्कल विभागातून काढून घ्याव्यात आणि अपिलासाठी दुसऱ्या वकिलांना नवे वकीलपत्र द्यावे.

६० हजारांचा प्रश्न मात्र अवघड आहे. फी किती असावी हे मुख्यतः वकील आणि अशील यांच्यातच ठरते. वकिलाची ज्येष्ठता आणि कामाचे स्वरूप यांच्याशी फी सुसंगत असावी, एवढेच नियम म्हणतो. त्यामुळे फी जास्त होती, इतर वकील कमी घेतात, एवढ्यावर शिक्षा होणे कठीण असते. गैरवर्तन दिसते ते हिशोबात : न भरलेली कोर्ट फी भरली म्हणून सांगणे, खर्चासाठी घेतलेला पैसा फीत वळता करणे, हिशोबच न देणे. अशिलाकडून घेतलेल्या पैशांचा हिशोब ठेवणे, आलेली रक्कम फीची की खर्चाची याची नोंद करणे आणि मागणी केल्यास त्या हिशोबाची प्रत देणे, ही वकिलाची नियमांनी ठरवलेली कर्तव्ये आहेत. म्हणून तक्रारीच्या आधी एक साधे पत्र लिहावे. त्यात दिलेल्या रकमा आठवतील तशा तारखांसह लिहून हिशोब आणि कागदपत्रे १५ दिवसांत मागावीत व पोहोचपावती जपून ठेवावी. उत्तर आले तर आपल्याला आकडे मिळतील, न आले तर ते मौन तक्रारीस उपयोगी पडेल. बँकेतून त्या त्या वेळी काढलेल्या रकमा, मोबाईलवरील संदेश आणि पैसे देताना सोबत असलेल्या व्यक्तीचे म्हणणे हा पुरावाही येथे चालतो.

तक्रार कोणाकडे करावी याबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. न्यायालयाच्या आवारात जी बार असोसिएशन असते, ती वकिलांची संघटना आहे; तिला कोणाच्याही सनदेला, म्हणजे वकिली करण्याच्या परवान्याला, हात लावता येत नाही. तो अधिकार अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ नुसार राज्य बार कौन्सिलला, म्हणजे वकिलांचे नाव महाराष्ट्राच्या यादीत असल्यास मुंबईच्या ‘बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा’ला आहे. तक्रार मराठीत करता येते. ती सही करून, दिवाणी दाव्यातील कैफियतीप्रमाणे सत्यापित करून (म्हणजे मजकूर खरा असल्याचे खाली सहीनिशी लिहून), ठरलेल्या शुल्कासह द्यावी लागते. वकील लावण्याची सक्ती नाही. प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. ही समिती साक्षीदारांना समन्स काढू शकते आणि वकिलांचे म्हणणे ऐकून तक्रार फेटाळणे, ताकीद देणे, ठरावीक काळासाठी निलंबित करणे किंवा नाव यादीतून काढून टाकणे यांपैकी आदेश देते. एका वर्षात निकाल न लागल्यास प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते; आदेशाविरुद्ध तिच्याकडेच ६० दिवसांत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. तक्रार केल्यावर वकिलांनी तडजोड देऊ केली, तरी केवळ तेवढ्याने चौकशी बंद करण्याचे बंधन समितीवर नसते, हेही ध्यानात असू द्यावे.

या मार्गाने वकिलांना शिक्षा होऊ शकते, आपले पैसे वसूल होतीलच असे नाही. वसुलीसाठी दिवाणी दावा लावावा लागतो आणि त्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते. ग्राहक आयोगाचा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल, तर तो दरवाजा सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ च्या निकालाने बंद केला आहे. आपण स्त्री असल्याने उत्पन्न कितीही असले, तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागू शकता; दिवाणी दाव्यासाठी आणि चेकच्या केससाठी ती मदत जरूर घ्यावी.

प्रश्न : माझे वकील तारखेला हजरच राहिले नाहीत आणि दावा काढून टाकण्यात आला. हे गैरवर्तन होते का?
— एक वाचक

उत्तर : खटला हरणे किंवा एखादी तारीख चुकणे म्हणजे गैरवर्तन नव्हे, फी घेऊन वारंवार गैरहजर राहणे आणि अशिलाला खोटी माहिती देत राहणे यांची दखल मात्र घेतली जाऊ शकते. त्यासाठी रोजनाम्याची, म्हणजे न्यायालयातील तारीखवार कामकाजाच्या नोंदीची, प्रमाणित प्रत काढून ठेवा. पण तक्रार नंतरही करता येईल. गैरहजेरीमुळे निकाली निघालेला दावा पुन्हा नंबरावर घेण्याच्या, म्हणजे पुन्हा चालू करण्याच्या, अर्जाची मुदत अवघी ३० दिवसांची आहे, आणि ती उलटून गेली असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडावा लागेल. तेव्हा आधी तो अर्ज दाखल करा.