स्लो कुकरमध्ये हवाईयन पुल्ड पोर्क कसं करायचं? माझं वरून पिठूळ आणि आतून चिवट का झालं?

तुम्ही लिहिलंय की २ किलो पोर्क, ताज्या अननसाच्या फोडी आणि बार्बेक्यू सॉस घालून ८ तास ‘लो’वर ठेवलं. यात दोन वेगवेगळ्या चुका आहेत.

पिठूळपणा अननसाचा. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. स्लो कुकर सावकाश तापतो, त्यामुळे मांसाचा वरचा थर ५०-६० अंशांच्या आसपास बराच वेळ रेंगाळतो, आणि नेमकं तिथेच हे एन्झाइम जोरात असतं. डब्यातल्या अननसात ते उष्णतेने आधीच निकामी झालेलं असतं, म्हणून तो घालणाऱ्यांचं निभावतं. पण अननस आणि गोड सॉस ही अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची ‘हवाईयन’ कल्पना. हवाईतल्या घरांत स्लो कुकरमध्ये होतं ते कालुआ पोर्क, आणि त्याला तीनच गोष्टी लागतात: मांस, मीठ, धूर.

कालुआ म्हणजे इमूत, जमिनीतल्या भट्टीत शिजवणं. खड्ड्यात कियावेच्या लाकडावर लाव्हाचे दगड तापवतात, वर केळीचे खुंट आणि ‘टी’ नावाच्या झाडाची (चहाची नव्हे) पानं घालून त्यात अख्खं डुक्कर पुरतात. (कियावे म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची भाऊबंद.) तो धूर आपण बाटलीतून आणायचा, लिक्विड स्मोक, म्हणजे लाकडाच्या धुराचा द्रव अर्क.

मांस खांद्याचंच घ्या, चरबीसकट. दुकानदार पाठीचं किंवा मांडीचं पुढे करेल, तेही अगदी स्वच्छ करून, ते नको. चरबी कमी असलेलं मांस इतक्या वेळात लाकूड होतं. २ किलोचा एकच अख्खा तुकडा हवा. सुरीच्या टोकाने त्याला पंधरा-वीस ठिकाणी खोल भोसका. २५ ग्रॅम मीठ वजन करून सगळीकडून चोळा, भोकांतही जाऊ द्या. चमच्याने मोजू नका, बारीक मीठ आणि खडेमीठ एका चमच्यात सारखं मावत नाही. हवाईत त्यासाठी अलाया मीठ वापरतात, लोहयुक्त मातीमुळे विटकरी रंगाचं. ते मिळालं नाही तर साधं खडेमीठ घ्या, चवीत फारसं अडत नाही. मग एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलि लिक्विड स्मोक वरून चोळा. जास्त ओतलं की औषधासारखा कडवटपणा येतो आणि तो नंतर कशानेही जात नाही. बाटली मिळत नसेल तर स्मोक्ड बेकनच्या तीन-चार पट्ट्या तळाशी अंथरा आणि मीठ २० ग्रॅमवर आणा.

केळीचं पान विस्तवावर फिरवून मऊ करा, भांड्यात अंथरा, चरबीची बाजू वर ठेवून तुकडा त्यात गुंडाळा. पाणी अजिबात घालायचं नाही. चार तासांत तळाशी पेलाभर रस स्वतःहून सुटतो; पाणी घातलंत तर उकडलेलं मांस मिळेल.

आता तुमचा चिवटपणा. खांद्यातले कोलॅजनचे, म्हणजे मांस बांधून ठेवणाऱ्या चिवट प्रथिनाचे, धागे ७० अंशांपुढे हळूहळू विरघळतात, आणि मांस पिंजण्याजोगं होतं ते आतून ९३-९५ अंशांना पोचल्यावर. ८ तासांत अख्खा तुकडा तिथवर जातोच असं नाही. ‘लो’वर १० ते १२ तास धरा, हाड असेल तर तासभर जास्त. काटा खुपसून फिरवा. तो अडखळत असेल तर मांस बिघडलेलं नाही, कच्चं आहे, आणखी दीड तास द्या. झाकण मध्ये मध्ये उघडू नका, प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटं वाया जातात. तुमचं भांडं मल्टीकुकर असेल आणि त्याचा फक्त तळ तापत असेल, तर त्याचा ‘लो’ बहुतेकदा कमी पडतो, ‘हाय’ लावा. गोठलेला तुकडा तसाच टाकू नका. आदल्या दिवशी फ्रिजमध्ये सोडवून घ्या, नाहीतर तो तासन्‌तास धोकादायक तापमानात पडून राहतो.

झाल्यावर मांस परातीत काढा, १५ मिनिटं थांबा, दोन काट्यांनी लांब रेषांत पिंजा. फार बारीक केलंत तर चोथा लागतो. रस गाळा, वरची चरबी काढून टाका आणि तो चाखा. मीठ बरंचसं या रसात उतरलेलं असतं, त्यामुळे सगळा एकदम ओतू नका. पळीपळीने घालत मांस ओलसर करा. उरलेल्या रसात कोबीचे मोठे तुकडे दहा मिनिटं शिजवून मांसात मिसळले की हवाईतला रोजचा कालुआ-कोबी होतो. सोबत मऊ, थोडा चिकट भात हवा. बासमती इथे उपऱ्यासारखा वाटतो.

उरलेलं त्याच्या रसासकट फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. गरम करताना स्लो कुकर नको, लोखंडी तवा घ्या. मांस पसरा, हलवू नका, एका बाजूने कडा कुरकुरीत होऊ द्या.